धर्माचा पसा

बापूशेठ अडत्यानं माझ्या आईबापाला फसवलं. त्यांच्याच हळदीतून काढलेल्या पैशानं मला कॉलेजात घातलं, आणि वर माझ्याच तोंडून आभार वदवून घेतले. फसवणूक ही अशी. आधीच सांगून टाकतो, कारण पेठेत राहून मी एक शिकलो: भाव अगोदर बोलावा, गप्पा मागून.

आता ती माडी सांगतो.

सांगलीच्या हळदपेठेत बापूशेठची पेढी होती. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून द्यायचा आणि मधली अडत घ्यायची, हा धंदा. पेढीच्या वरच्या माडीवर दर जूनमध्ये गरीब विद्यार्थ्यांना फीचे पैसे वाटायचे. त्याला विद्यार्थी फंड म्हणायचे. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. गावात साखर बघायला मिळत नव्हती, पण माडीवर त्या दिवशी ताटभर पेढे होते.

आम्ही मुलं भिंतीकडेनं मांडी घालून बसलो होतो. समोर खुर्च्या. खुर्च्यांवर पेठेतले व्यापारी, कॉलेजचे एक प्रोफेसर, आणि मधोमध बापूशेठ. नाव पुकारलं की उठायचं, पुढं जायचं, ओंजळ धरायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "मी धर्माचा विद्यार्थी." मग शेठ ओंजळीत पाकीट टाकणार. माझ्या आधीचा पोरगा हे वाक्य हळू बोलला. शेठ म्हणाले, "पोटात गेलं का रे? बाहेर काढ." त्याला पुन्हा म्हणायला लावलं. मग आणखी एकदा.

माझं नाव आलं. मी ओंजळ धरली. माझे हात मनगटापर्यंत पिवळे होते. मॅट्रिकची परीक्षा झाल्यापासून मी त्याच पेढीवर हळदीची पोती भरत होतो. येताना हात धुतले होते, पण हळद धुऊन जात नाही.

बापूशेठनी माझ्या हातांकडं बघितलं आणि खुर्च्यांकडं वळून म्हणाले, "हा पैसे न्यायला आलाय की बोहल्यावर चढायला?"

खुर्च्या हसल्या. एक व्यापारी म्हणाला, "हळद तर लागली. मुंडावळ्या आणा कुणीतरी."

"जा, हात धुऊन ये," शेठ म्हणाले. "दान स्वच्छ हातानं घ्यावं."

मी खाली गेलो. बैलांच्या हौदावर राख घेऊन हात घासले, विटेच्या तुकड्यानं घासले. कातडं निघालं, पिवळं राहिलं. वर आलो, पुन्हा ओंजळ धरली. शेठनी ती प्रोफेसरांना दाखवली, गुराचे दात दाखवावेत तशी. "बघा. आणि ह्यांना वाटतं, कॉलेजात पाय टाकला की झालो साहेब. पी हळद अन् हो गोरी."

प्रोफेसरही हसले. सभ्य माणूस, थोडंच हसले.

मी ते वाक्य म्हटलं. शेठनी पाकीट वरून सोडलं, बोटाला बोट लागू नये इतक्या उंचीवरून. मला फी भरायची होती. मी पाकीट घेतलं आणि जिना उतरलो. खाली हमालानं विचारलं, "किती गावलं?" मी त्याला शिवी दिली. त्याचा काही दोष नव्हता.

हा अपमान मला त्या दिवशी गरिबीचा वाटला. तो गरिबीचा नव्हता, हे कळायला वर्ष गेलं.

त्याआधी मी सातारला शिकलो. तिथं एका बोर्डिंगात राहायचो. आम्ही पोरं लाकडं फोडायचो, भाकरी थापायचो, सुट्टीत बांधकामावर दगड वाहायचो, त्यातून आमचं जेवण आणि शाळा चालायची. हात फुटायचे. पण कुणी ओंजळ धरायला लावली नाही. शिकायचं तर राबायचं, हा सौदा उघड होता. त्यामुळं सांगलीला आल्यावर मी पहिलं काम केलं ते नोकरी बघण्याचं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निघतानाच बजावलं होतं, "कर्ज काढू नगं. कर्जाच्या बैलाला शेजारी बी हाकतो."

आमची हळद बापूशेठच्या पेढीवरच यायची. कुंडलच्या अलीकडं आमचा तुकडा होता, विहिरीच्या पाण्यावर हळद व्हायची. हळद करणं म्हणजे काय हे खुर्चीवरून दिसत नाही. ती खणायची, काहिलीत शिजवायची, वाळवायची, मग साल जाईपर्यंत घोळायची. घोळण्याचं काम आईचं. तिच्या लुगड्याचा मूळचा रंग कुठला होता हे मला आठवत नाही.

लहान असताना एकदा मी आबा आणि आईबरोबर गाडीतून पेठेत आलो होतो. पोतं काट्यावर चढवायच्या आधी दगडू हमालानं त्यात दोन्ही हात घातले, पसा भरून हळकुंडं उचलली आणि शेजारच्या मोठ्या पाटीत टाकली. तोंडानं म्हणाला, "धर्माचा." दुसरं पोतं, दुसरा पसा. "धर्माचा." प्रत्येक पोत्याला तेच.

आई म्हणाली, "आरं, कुणाच्या धर्माचा?"

दगडू हसला. "मावशे, धर्माला कुठं नाव आसतं व्हय?"

"नाव नसंल तर मग माझ्याच पोत्यातनं कसा निघतुय?"

आबांनी तिला डोळ्यानं गप्प केलं. पेठेत बायकांनी बोलायची रीत नव्हती. पण परतीच्या वाटेवर ती गाडीत बसून स्वतःचा पसा धरून बघत होती. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "त्याचा एक म्हंजी माझं दोन."

ते मी विसरलो. पेढीवर नोकरी मागायला गेलो तेव्हा आठवलं.

बापूशेठ मला म्हणाले, "हात दाखव." मी दाखवले. त्यांनी पंजे उलटसुलट करून बघितले. "लहान आहेत. पशाला चालायचे नाहीत. पेवावर जा."

पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं खोल भुयार. हरिपूरच्या वाटेला अशी पेवं होती. आत हवा कोंडलेली असते, म्हणून आधी दिवा सोडून बघायचा. दिवा विझला तर माणसानं उतरायचं नाही. जिवाचं काम, म्हणून मी मजुरी वाढवून मागितली. शेठ म्हणाले, "विद्यार्थी आहेस का दलाल?" मी म्हटलं, "दिवा विझला तर दोन्ही नाही." त्यांनी वाढवली. पण त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. पशाला चालायचे नाहीत.

दगडूचे हात सुपासारखे होते. त्या पेढीवर त्याच्यापेक्षा ताकदीचे हमाल होते, पण पसा फक्त दगडूनं घ्यायचा. मी एकदा विचारलं. तो विडी ओढत म्हणाला, "देवानं मोटं केलं, शेठनी कामाला लावलं. मला फक्त या हाताचा पगार मिळतुय, गड्या. पाठ फुकाट."

असं होतं ते. दान किती द्यायचं हे देणाऱ्याच्या हातानं मोजायची जगाची रीत. इथं माप घेणाऱ्याचा हात, आणि तोही शोधून आणलेला.

वर्षभर मी सकाळी पेढीवर आणि नंतर कॉलेजात असा राबलो. वर्गात पोरांनी मला हळद्या नाव ठेवलं होतं. वहीला पिवळे डाग, सदऱ्याला वास. बाकावर शेजारी कुणी बसायचं नाही. मी ते सोसलं, कारण माझा हिशेब वेगळा होता: ह्यांचे बाप भरतात, माझं मी भरतो, थोडं फंड भरतो. फंडाबद्दल माझ्या मनात तेव्हाही थोडा मानच होता. शेठ तोंडाचे वाईट, पण देतात, असं मी स्वतःला सांगायचो.

हंगाम सरत आला. पशाच्या पाटीतली हळद पोत्यांत भरून मागच्या खोलीत ठेवलेली असायची. एक दिवस शेठ मुनीमजींना म्हणाले, "धर्माची हळद काढा. दोन पोती फंडाच्या नावानं विका. बाकीची पेवात टाका, भाव चढला की बघू."

मुनीमजींनी विचारलं, "बाकीची कुणाच्या नावानं?"

"माझ्या. फंड मीच चालवतो ना?"

मी तिथंच होतो. पाठीवर पोतं होतं. शेठनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हमालासमोर माणूस काहीही बोलतो.

दोन पोती फंडाला गेली. बाकीची मी पेवात उतरवली. स्वतःच्या पाठीवरून उतरवली, दिवा जळत होता, मी आत उभा होतो आणि मला हसू येत होतं. माडीवरचं ते पाकीट. ती पाटी, पेढीच्या दारावरची, "गरीब विद्यार्थ्यांचे आश्रयदाते" आणि खाली शेठचं नाव. शेठनी स्वतःच्या खिशातून काहीच दिलं नव्हतं. माझ्या आईनं घोळलेली हळद दगडूच्या हातानं उपसली, तिच्यातली बरीचशी गिळली आणि उरलेली चिमूट माझ्याच ओंजळीत उंचावरून टाकली. आणि मला विचारलं, हात पिवळे कसे?

मी लगेच बोललो नाही. मी रागीट आहे, पण बाजार केलेला रागीट आहे. गिऱ्हाईक आल्याशिवाय माल काढत नाही.

गिऱ्हाईक मे महिन्यात आलं. आबाच आले, आमची हळद घेऊन. पेढीवर गर्दी होती. गाड्या सुटलेल्या, शेतकरी पोत्यांवर बसलेले. दगडूनं आमच्या पहिल्या पोत्यात हात घातले, पसा वर आला. मी त्याचं मनगट धरलं.

"कुणाच्या धर्माचा?" मी विचारलं.

"सोड रं. शेठ बघत्यात."

"बघू दे. कुणाच्या धर्माचा?"

आबा म्हणाले, "आरं, काय लावलंयस हे? सोड त्येला." मी सोडलं नाही. भोवतीचे शेतकरी उठून जवळ आले.

बापूशेठ गादीवरून उठले. ते हसतच आले. त्यांना पेठ ठाऊक होती. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, माझा हात धरला आणि उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं.

हे ज्यानं बघितलं नाही त्याला सांगतो. हळदीचा सौदा तोंडानं होत नसे. व्यापारी आणि अडत्या कापडाखाली एकमेकांची बोटं दाबायचे. जितकी बोटं धरली तितका आकडा, आणि पंज्याला पंजा पूर्ण लावला की सौदा पक्का. शेतकरी शेजारी उभा राहून कापड हलताना बघायचा. त्याच्या मालाचा भाव त्याच्या नाकासमोर ठरायचा आणि त्याला दिसायचा नाही. ही बोटं मी वर्षभरात शिकलो होतो. शेठना ते माहीत होतं, म्हणून तर त्यांनी उपरणं टाकलं.

त्यांनी माझी तीन बोटं धरली. कॉलेजची माझी तीन वर्षं उरली होती. आणि मग त्यांनी त्यांचा पंजा माझ्या पंज्यावर टेकवला. पूर्ण. माडीवर ज्या माणसानं बोटाला बोट लागू दिलं नव्हतं, त्याचा घामेजलेला पंजा माझ्या पिवळ्या हाताला चिकटला होता. तोंडानं ते म्हणत होते, "पोर आहे. तापतं. उन्हाचे दिवस आहेत."

खोटं कशाला बोलू? भाव चांगला होता. तीन वर्षांची फी, कर्ज नाही, पेव नाही, ओंजळ नाही. नुसती बोटं मिटायची होती.

मी हात बाहेर काढला. उपरणं खाली पडलं. मी ओरडलो नाही, पुकारा करतात तशा आवाजात बोललो, "शेठ मला बी.ए. होईपर्यंतची फी देतो म्हणतात. कापडाखाली म्हणतात. कशाबद्दल ते त्यांना उघड्यावर विचारा."

मग धर्माची पोती कुठं गेली तेही सांगितलं. कुठल्या पेवात, तेही.

शेतकऱ्यांतली एक म्हातारी आपल्या पोत्यावर आडवा हात टाकून बसली. दगडूनं बोटं सैल सोडली आणि त्याच्या पशातली हळद आमच्याच पोत्यात पडली. त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. आबांनी शेठकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "पोती चढीव गाडीत. दुसरी पेढी बघू."

शेठ मागून म्हणाले, "तुझं कॉलेज कोण करतं ते बघतो."

"बघा," मी म्हटलं. "तुमच्या दारावरनंच कॉलेजात जाईन."

दुसऱ्या पेढीवरही पसा होता. तिसरीवरही. रीतच होती ती. आबांनी तो दिला. संध्याकाळपर्यंत दगडूला शेठनी काढून टाकलं. तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "तुझ्या कालेजापायी माझी चूल इझली." ती चूल माझ्या खात्यावर का? ती शेठच्या खात्यावर आहे.

जूनमध्ये फंडातून माझं नाव गेलं होतं. ज्यांनी माडीवर माझा हात बघितला होता, त्या प्रोफेसरांनी मला खोलीत बोलावलं. "तू ताठरपणा सोड. फंड तुला कर्ज द्यायला तयार आहे. बिनव्याजी. बापूशेठ स्वतः जामीन राहतो म्हणाले. मन मोठं आहे बघ त्यांचं."

माझाच माल, मलाच उसना, आणि जामीन चोर. मी म्हटलं, "सर, मन मोठं नाही. हात मोठा आहे, आणि तोही दुसऱ्याचा." त्यांना कळलं नाही. मी समजावत बसलो नाही. एवढंच म्हटलं, "कर्ज नको. फी येईल."

कुठून येईल हे मला माहीत नव्हतं. मग माझ्याकडं विकण्यासारखं काय आहे याचा मी विचार केला. एकच गोष्ट होती: मला कापडाखालची बोटं येत होती, आणि गाडीवानांना येत नव्हती.

पेठेच्या बाहेर, गाड्या सुटायच्या तिथं एक लिंबाचं झाड होतं. हंगाम लागल्यावर कॉलेजच्या आधी आणि नंतर मी तिथं जाऊन बसू लागलो. पहिल्यांदा मी शेतकऱ्याच्या वतीनं कापडाखाली हात घालायला गेलो, तर अडत्यांनी एकजूट केली: विद्यार्थ्याचा हात चालणार नाही. बरं. मग मी शेतकऱ्याचाच हात तयार करू लागलो. लिंबाखाली त्याचं धोतर हातावर टाकायचं आणि बोटं दाबून दाखवायची. हे एवढं म्हणजे इतकं. आता तू सांग. चुकलं, पुन्हा. मग त्यानं पेढीवर जाऊन म्हणायचं, माल माझा आहे, पहिला हात माझा. आणि पसा मागितला की म्हणायचं, घ्या, पण माझ्या कारभारणीच्या हातानं.

फुकट शिकवलं नाही. गाडीमागं माझा दर ठरलेला होता आणि तो मी मोठ्यानं सांगायचो. ती म्हातारी, पोत्यावर हात टाकून बसलेली, एक दिवस गाडी घेऊन आली आणि म्हणाली, "शेठ पसा घ्यायचा, तू रोकडा घेतूस. आरं, मग फरक काय राह्यला?"

"मी मागून घेतो, आज्जे. न्हाई म्हणालीस तर जातो."

"मग न्हाई म्हन्ते. निम्मं घे."

मी तिच्याशी दुपारपर्यंत घासाघीस केली आणि हरलो. निम्म्यातच शिकवलं. तिची बोटं वाकडी झाली होती, पण आकडा पक्का धरायची. त्या दिवशी एका व्यापाऱ्यानं कापडाखाली तिचा हात धरला आणि दचकून सोडला. पेठ हसली. खुर्च्या नव्हत्या तिथं, माणसं हसली.

पुढच्या वर्षी दगडू लिंबाखाली आला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "गाड्या उतरवायला मानूस लागत आसंल तुला. पर आदुगर सांगतो, रोजावर. धर्मावर न्हाई."

"रोज किती?"

त्यानं त्याचा तो प्रचंड पंजा वर धरला. उघडा, कापडाशिवाय. मी दिला.

असा मी बी.ए. झालो. कर्ज न काढता, आणि त्या एका पाकिटानंतर दान न घेता. शेवटच्या पेपरला पर्यवेक्षक माझ्या उत्तरपत्रिकेवरचे पिवळे ठसे बघून म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, "सही समजा."

आणि लोक मला सांगतात, झालं ना तुझं? मग आता कशाला उकरतोस?

झालं माझं. माझ्याबरोबर त्या भिंतीकडेनं बसलेल्यांचं काय झालं? "पोटात गेलं का" म्हणून ज्याला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, त्यानं दुसऱ्याच वर्षी कॉलेज सोडलं. तो भेटला तेव्हा म्हणाला, "ते वाक्य परत म्हणणं झालं नसतं रे." त्याचा बापही हळदवालाच होता. त्याच पेढीवरचा. तो स्वतःच्या बापाच्या पैशाला दान समजून लाजला आणि घरी गेला. लाजायला पाहिजे होतं दुसऱ्यानं.

सांगलीचं संस्थान गेलं, राजा गेला, बापूशेठही गेले. पेढी आहे. माडी आहे. फंड आहे, त्याच्या खुर्च्यांवर आता शेठचे चिरंजीव आणि पेठेतली चार माणसं बसतात. दारावरची पाटी नवीन रंगवली आहे. पोरं अजून ओंजळ धरतात. मी गेल्या जूनमध्ये जिन्याखाली उभा राहून ऐकलं. "मी धर्माचा विद्यार्थी." एकेक आवाज. काही घोगरे, काही अजून फुटलेलेसुद्धा नाहीत.

फंडवाल्यांनो, येत्या जूनमध्ये मी तुमच्या माडीवर येणार आहे. आईला बरोबर घेऊन येणार आहे. आता तिची बोटं नीट मिटत नाहीत, पण पसा धरता येतो. तुमच्यासमोर ती हळदीचा पसा धरून उभी राहील आणि पेठेतल्या सगळ्यांसमोर तुम्हाला तेच विचारील, जे पूर्वी काट्यापाशी विचारलं होतं आणि जे हसण्यावारी नेलं गेलं.

खुर्चीवर जो बसला असेल त्यानं उत्तर द्यायचं आहे. उपरणं खांद्यावरच ठेवा. तोंडानं सांगा. कुणाच्या धर्माचा?